मुका डबा आणि तीन तारा

"सर, हिरवा दिवा लागलाय, पण तो काही बोलतच नाही," ग्रंथपाल बाई फोनवर म्हणाल्या.

जुलै महिना. रात्रीतून दोनदा लाइट जाऊन आली होती आणि सकाळपासून वाचनालयातलं इंटरनेट बंद होतं. तालुक्याच्या गावातलं हे वाचनालय. तिथे संदर्भग्रंथांच्या कपाटामागे तीन वर्षांपूर्वी मी एक छोटा डबा बसवून दिला होता. आत पीसी इंजिन्स या स्विस कंपनीचा एपीयू-२ बोर्ड आणि त्यावर डेबियन लिनक्स. आलेलं इंटरनेट वाचकांना वाटायचं आणि रोज रात्री पुस्तकांच्या यादीची एक प्रत काढून ठेवायची, एवढंच त्याचं काम. या बोर्डाला पडदा जोडायची सोयच नाही, आणि पडदा नाही म्हटल्यावर कीबोर्ड जोडून तरी काय उपयोग? मागचं नऊ पिनांचं सिरियल पोर्ट हेच त्याचं तोंड आणि तेच त्याचे कान.

बाईंचं म्हणणं अर्धंच खरं होतं. डबा बोलत होता, त्या पोर्टाशी ऐकायला कोणी बसलेलं नव्हतं.

असा बिनपडद्याचा, म्हणजे हेडलेस, डबा तुमच्याकडेही कुठेतरी असेल. दुकानातला फायरवॉल, सोसायटीच्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारं यंत्र, शेतावरच्या पंपाशी जोडलेला रास्पबेरी पाय. चालू असतो तोवर आपण नेटवर्कवरून त्याच्याशी बोलतो आणि सिरियल कन्सोल नावाची वस्तू विसरून जातो. नेटवर्क गेलं की तीच एक वाट उरते. त्या वाटेने जायचं कसं, हे सांगण्यासाठी हा लेख. आज्ञा इथे देवनागरीत लिहिल्या आहेत. टंकताना त्या रोमन लिपीत आणि लहान अक्षरांतच टंकायच्या. लिनक्स पहिल्या सिरियल पोर्टाला टीटीवायएस-शून्य म्हणतं, त्या नावातला एस मात्र कॅपिटल. या एका एसने माझी एक अख्खी संध्याकाळ खाल्लेली आहे.

आधी केबलची झडती

वाचनालयात गेल्यावर पहिला तास मी घालवला तो डब्यावर नव्हे, केबलवर. बॅगेत दोन केबल होत्या, दिसायला जुळ्या. एक सरळ, दुसरी नल मोडेम. मी अर्थातच सरळ लावली.

नऊ पिनांपैकी आपल्या कामाच्या तीनच. २ नंबरवर यंत्र ऐकतं, ३ नंबरवर बोलतं आणि ५ नंबर ग्राउंड. लॅपटॉपला लावलेला यूएसबी अडॅप्टर आणि एपीयूचा डबा, दोघांचीही हीच मांडणी. सरळ केबल लावली की दोघांची तोंडं एकमेकांसमोर येतात आणि कान कानांसमोर. नल मोडेम केबलमध्ये २ आणि ३ या तारा फुली मारल्यासारख्या ओलांडलेल्या असतात. आरएस-२३२ हे मानक अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक इंडस्ट्रीज असोसिएशनने १९६० मध्ये काढलं, तेव्हा एका बाजूला टर्मिनल आणि दुसऱ्या बाजूला मोडेम असणार हे गृहीतच होतं. दोन यंत्रं थेट जोडताना मधला मोडेम गायब होतो, म्हणून केबलचं नाव नल मोडेम. सगळ्या डब्यांना मात्र ही लागत नाही. सिस्कोच्या स्विचला चपटी फिकट निळी केबल लागते आणि तिची मांडणी आणखी वेगळी.

आपली बाजू निर्दोष आहे की नाही, हे दोन मिनिटांत कळतं. यूएसबी अडॅप्टरच्या २ आणि ३ या पिना तारेच्या तुकड्याने जोडा, टर्मिनलचा प्रोग्राम उघडा, फ्लो कंट्रोल बंद करा आणि काहीही टंका. टंकलेलं पडद्यावर उमटलं तर अडॅप्टर, ड्रायव्हर आणि प्रोग्राम तिघेही ठीक. तार काढल्यावर उमटणं थांबलं पाहिजे. नाही थांबलं, तर प्रोग्राम स्वतःच अक्षरं दाखवतोय आणि तुमची परीक्षा खोटी ठरली. हीच तार केबलच्या पलीकडच्या टोकाला लावली की केबलही तपासून होते. पण केबल सरळ की उलटी हे यातून कळत नाही. त्यासाठी मल्टिमीटर बीपवर ठेवायचा आणि एका टोकाची २ नंबरची पिन दुसऱ्या टोकाच्या ३ नंबरशी वाजते का बघायचं. मी हे घरी निघतानाच करायला हवं होतं. आता नल मोडेम केबलला लाल चिकटपट्टी आहे.

मल्टिमीटर हातात आहेच तर आणखी एक बघून घ्या. डबा चालू असताना त्याच्या ५ आणि ३ नंबरच्या पिनांमधलं व्होल्टेज मोजा. सिरियल पोर्ट जिवंत असेल तर गप्प असतानाही ३ नंबरवर ऋण व्होल्टेज मिळतं, मानकाप्रमाणे उणे ३ ते उणे १५ च्या दरम्यान. साधारण शून्य आलं तर पोर्टाची चिप गेली आहे किंवा डब्याला वीजच पोचत नाही.

याच व्होल्टेजमुळे एक सावधगिरी. रास्पबेरी पायसारख्या उघड्या बोर्डांवर सिरियलच्या पिना असतात, पण त्या ३.३ व्होल्टच्या. नऊ पिनांच्या पोर्टाची तार तिथे लावली तर बोर्डाला कायमची इजा होऊ शकते. त्यासाठी ३.३ व्होल्टची वेगळी यूएसबी केबल मिळते. पायवर ६ नंबरची पिन ग्राउंड, ८ वर पाय बोलतो आणि १० वर ऐकतो. केबलची बोलणारी तार १० ला, ऐकणारी ८ ला. केबलला चौथी, बहुधा लाल, तार असते ती विजेची. पायला स्वतःचा चार्जर लावलेला असेल तर ती मोकळीच ठेवा. आणि पायच्या कॉन्फिग फाइलमध्ये 'एनेबल अंडरस्कोअर यूएआरटी बरोबर १' ही ओळ नसेल, तर केबल कितीही चांगली असली तरी पाय त्या पिनांवर बोलेल याची खात्री नाही.

अशा केबल पुण्यात तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला सहज मिळतात. माझा सल्ला, दोन वेगवेगळ्या चिपच्या घ्या, कारण चिपच्या भानगडी वेगळ्याच. २०१४ मध्ये एफटीडीआय कंपनीच्या विंडोज ड्रायव्हरने नकली चिप ओळखून त्यांचा ओळख-क्रमांक शून्य करून टाकला होता आणि कित्येकांच्या चालू केबल एका अपडेटसरशी मेल्या. लिनक्सवर दुसरा त्रास. उबुंटू २२.०४ मध्ये अंधांसाठीच्या ब्रेल उपकरणांचा बीआरएलटीटीवाय हा प्रोग्राम सीएच-३४० चिपची स्वस्त केबल आपलीच समजून बळकावतो आणि त्या केबलचं टीटीवाययूएसबी-शून्य हे नाव दिसून लगेच नाहीसं होतं. ब्रेल उपकरण वापरत नसाल तर तो प्रोग्राम काढून टाका. नाव दिसतंय पण 'परमिशन डिनाइड' येतंय, तर आपलं खातं डायलआउट या गटात घालायचं आणि एकदा लॉगआउट होऊन परत यायचं.

अक्षरांची खिचडी

केबल बदलली आणि पडद्यावर अक्षरं आली. तुमच्या पडद्यावर प्रश्नचिन्हं, चौकोन आणि उलटेसुलटे कंस आले, तर घाबरू नका, ती चांगली खूण आहे. तार बरोबर लागली, वेग चुकला. सिरियलमध्ये दोन्ही बाजूंनी वेग आधी ठरवून ठेवायचा असतो, मधे घड्याळाची वेगळी तार नसते. एपीयूचा वेग ११५२००. त्याच कंपनीच्या आधीच्या एलिक्स बोर्डांचा ३८४००. सोएक्रिसच्या जुन्या डब्यांचा १९२००, सिस्कोचा ९६००. रॉकचिप प्रोसेसरच्या अनेक बोर्डांवर तो थेट १५ लाख असतो आणि काही जुन्या यूएसबी चिपना तो झेपतच नाही. वेग माहीत नसेल तर डबा बंद-चालू करत एकेक वेग लावून बघायचा. बाकी मांडणी जवळपास सगळीकडे तीच, ८ बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट.

सुरुवात वाचता येते आणि मधेच खिचडी होते, असंही घडतं. त्याचा अर्थ फर्मवेअरचा वेग एक आणि लिनक्सचा दुसरा. कोणीतरी एकच बाजू बदलली. आणि अक्षरं दुहेरी येत असतील, म्हणजे 'ललोोडिंग' असं काहीतरी, तर दोघं एकदम बोलताहेत. फर्मवेअर पडद्यावरचा मजकूर सिरियलवर पाठवतंय आणि बूटलोडरही तोच मजकूर स्वतः पाठवतोय. एकाला गप्प करा.

शेवटचं वाक्य कोणाचं?

आता मुख्य गोष्ट. हेडलेस यंत्र सुरू होताना एकच आवाज येतो असं वाटतं, पण बोलणारे चौघे असतात. आधी फर्मवेअर, मग बूटलोडर म्हणजे बहुतेक ठिकाणी ग्रब, मग लिनक्सचं कर्नल आणि शेवटी सिस्टिमडी, जो लॉगिन विचारणाऱ्या गेटीला उभा करतो. भजनात एकाने सोडलेली ओळ दुसरा उचलतो, तशी ही साखळी चालते. आणि सिरियलवर बोल, हे जवळपास प्रत्येकाला वेगवेगळं सांगावं लागतं. म्हणून शांतता पसरली की पहिला प्रश्न 'काय बिघडलं' हा विचारू नका. शेवटचं वाक्य कोणाचं होतं ते बघा. त्याच्यानंतर ज्याची पाळी, तो एकतर मेलाय किंवा नसलेल्या पडद्याशी बोलत बसलाय.

फर्मवेअरच बोललं नाही, तर सॉफ्टवेअरचा विचार सोडा. अडॅप्टर बघा. एपीयूला १२ व्होल्ट लागतात आणि दिवा लागला म्हणजे पुरेशी वीज मिळतेच असं नाही. भार येताच खाली बसणारे अडॅप्टर मी बरेच पाहिले आहेत. दुसरा ओळखीचा अडॅप्टर लावून बघणं हीच खरी परीक्षा. साध्या पीसीचा डबा करून ठेवला असेल तर मदरबोर्डवरचा सीआर-२०३२ सेल बघा. तीन-चार वर्षांनी तो बसतो, लाइट गेली की बायॉसच्या सेटिंग्ज पुसल्या जातात आणि त्यातच सिरियलवर बोलण्याची सेटिंगही जाते. वर बायॉस 'कीबोर्ड सापडला नाही, पुढे जाण्यासाठी एफ-१ दाबा' असं नसलेल्या पडद्यावर लिहून बसून राहतो. कीबोर्डच नाही तर एफ-१ दाबायचा कसा, हा प्रश्न त्याला पडत नाही. सेल बदलायचा आणि बायॉसमध्ये 'सगळ्या चुकांवर थांब' हा पर्याय बंद करायचा.

फर्मवेअर 'बूटिंग फ्रॉम हार्ड डिस्क' म्हणून थांबलं, तर डिस्क संशयित. एपीयूवर सुरुवातीला एफ-१० दाबलं की डिस्कची यादी येते. यादीत डिस्कच नसेल तर ती काढून पुन्हा नीट बसवा. त्याच यादीत स्मरणशक्ती तपासणारा मेमटेस्टही असतो, तो रात्रभर चालू ठेवायला हरकत नाही.

ग्रब दिसला, 'लोडिंग इनिशियल रॅमडिस्क' आलं आणि पुढे स्मशानशांतता. हे सगळ्यात जास्त वेळा दिसतं आणि सगळ्यात जास्त घाबरवतं. बहुतेक वेळा कर्नल मस्त सुरू झालेलं असतं, त्याला सिरियलवर बोलायला कोणी सांगितलेलं नसतं एवढंच. ग्रबच्या यादीत ई दाबा, 'लिनक्स' या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी जा आणि 'कन्सोल=टीटीवायएस०,११५२००एन८' एवढं जोडा. त्याच ओळीत 'क्वाएट' असेल तर तो शब्द काढून टाका, आत्ता आपल्याला बडबड हवी आहे. बाणांच्या कळा सिरियलवरून नीट चालल्या नाहीत तर कंट्रोल-एन खाली नेतं, कंट्रोल-ई ओळीच्या शेवटी. मग कंट्रोल-एक्स. हा बदल त्या एका वेळेपुरताच असतो. कायमचा करायचा तर ग्रबच्या सेटिंगच्या फाइलमध्ये लिहून 'अपडेट-ग्रब' चालवा.

त्या ओळीत दोन कन्सोल लिहिलेले असतील तर त्यांचा क्रम महत्त्वाचा. कर्नलचे संदेश दोन्हीकडे जातात, पण जो शेवटी लिहिला तोच मुख्य. पुढे सिस्टिमडीची विचारपूस आणि दुरुस्तीचं शेल तिथेच उघडतं. 'टीटीवाय०' शेवटी लिहिलं असेल तर कर्नल तुम्हाला सगळं सांगतं, आणि पासवर्ड विचारायची वेळ आली की नसलेल्या पडद्याकडे तोंड फिरवतं.

कर्नल पूर्ण बोललं, सेवा सुरू झाल्याचं दिसलं, पण लॉगिन आलं नाही, तर गेटी राहिली. डबा नेटवर्कवरून मिळत असेल तर आत जाऊन 'सिरियल-गेटी@टीटीवायएस०' ही सेवा सुरू करायची, संपलं.

आमचा डबा कुठे अडला

वाचनालयातल्या डब्यात चौघेही बोलत होते. फर्मवेअर झालं, ग्रब झाला, कर्नलच्या ओळी सरसर गेल्या आणि मग एक ओळ जागच्या जागी सेकंद मोजत बसली. अमुक डिस्कची वाट बघतोय, मर्यादा दीड मिनिट. ९० सेकंद झाले आणि डबा इमर्जन्सी मोडमध्ये गेला. तिथे तो रूटचा पासवर्ड विचारतो, पण बसवताना मी रूटला पासवर्डच दिला नव्हता. डेबियन बसवताना ती जागा रिकामी ठेवली की रूटचं खातं कुलूपबंद होतं. त्यामुळे उत्तर आलं, रूटचं खातं बंद आहे, कन्सोल उघडता येत नाही. पुढे जायला एंटर दाबा. एंटर दाबला की पुन्हा तेच.

यादीची रात्रीची प्रत एका यूएसबी डिस्कवर जायची. ती डिस्क कुठे आहे, असं बाईंना विचारलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. वार्षिक सभेचे फोटो द्यायला कोणीतरी ती काढून नेली होती. कधी? सभा मे महिन्यात झाली. म्हणजे बिघाड दोन महिने जुना होता. डबा चालूच असल्याने तो कळला नाही. रात्री लाइट गेली, यूपीएसची बॅटरी संपली, डिस्क गेल्यानंतर डबा पहिल्यांदाच नव्याने उठला आणि दारातच अडला.

अशा वेळी आत शिरायची वाट ग्रबमधूनच जाते. ई दाबून लिनक्सच्या ओळीतला 'आरओ' शब्द 'आरडब्ल्यू' केला आणि शेवटी 'इनिट=/बिन/बॅश' जोडलं. त्यामुळे सिस्टिमडी उठतच नाही, थेट रूटचं शेल मिळतं. कंट्रोल-सी तिथे चालत नाही, त्यामुळे न संपणारी आज्ञा द्यायची नाही. सुरू होताना कोणत्या डिस्क जोडायच्या हे ज्यात लिहिलेलं असतं, ती एफएसटॅब फाइल उघडून यूएसबी डिस्कच्या ओळीत 'नोफेल' हा पर्याय टाकला. डिस्क असली तर जोड, नसली तर पुढे चल. शेवटी 'सिंक', मग मूळ डिस्क पुन्हा फक्त-वाचनाच्या स्थितीत नेली आणि 'रीबूट -एफ'. या क्रमात घाई केली तर फाइलमधला बदल डिस्कवर उतरायच्या आत डबा बंद होतो आणि आपण पुन्हा पहिल्या पायरीवर येतो.

हीच वाट चोरालाही खुली असते हे तुमच्या लक्षात आलं असेल. ज्याच्या हातात सिरियल केबल, त्याच्या हातात डबा. ग्रबला पासवर्ड लावता येतो, पण मी कपाटाला कुलूप लावणं पसंत केलं.

दिसतं, पण टंकता येत नाही

हा प्रकार वेगळा आणि वैताग आणणारा. अक्षरं छान येताहेत, लॉगिनही समोर आहे, आणि कितीही बोटं आपटली तरी एक अक्षर जात नाही. नव्वद टक्के दोष फ्लो कंट्रोलचा, हा आकडा माझ्या वैतागातून आलेला आहे, मोजलेला नाही. मिनिकॉम या प्रोग्राममध्ये हार्डवेअर फ्लो कंट्रोल मुळातच चालू असतं. पलीकडून 'बोल' असा इशारा आल्याशिवाय तो अक्षर पाठवत नाही आणि आपल्या तीन तारांच्या केबलमध्ये तो इशारा यायला तारच नसते. सेटिंगमध्ये जाऊन ते बंद करा. मी आता पिकोकॉम वापरतो, त्यात हे आपोआप बंद असतं. बाहेर पडायला कंट्रोल-ए आणि मग कंट्रोल-एक्स. विंडोजवाल्यांना पुट्टी आहेच, त्यातही फ्लो कंट्रोल 'नन' करून घ्या.

दुसरी शक्यता, तुमचं बोट चुकून कंट्रोल-एस वर पडलं. टर्मिनलच्या जगात त्याचा अर्थ 'थांब'. कंट्रोल-क्यू दाबा, अडलेलं सगळं धाडकन बाहेर येईल. तिसरी शक्यता तुटलेल्या तारेची. बोलणारी एक तार तुटली तरी ऐकणारी चालूच राहते.

याच्या अगदी उलटा एक प्रकार आहे. कोणी काही टंकलेलं नसताना डब्याला टंकल्यासारखं वाटतं. यू-बूट हा बूटलोडर असलेले छोटे बोर्ड सुरू होताना 'थांबवायचं तर कोणतीही कळ दाबा' म्हणून काही सेकंद वाट बघतात. ऐकणारी पिन मोकळी लोंबकळत असेल, किंवा लांबलचक तार दुसऱ्या टोकाला कशालाच जोडलेली नसेल, तर तिच्यावर घुसलेल्या विजेच्या खरखरीलाच तो कळ समजतो आणि तिथेच थांबून राहतो. केबल लावून तपासावं तर सगळं ठीक, केबल काढून घरी जावं तर बोर्ड परत उठत नाही. असल्या बोर्डावर केबल काढायची तर बोर्डाच्या पिनांपासून काढा, पलीकडचं टोक सोडून तार लोंबत ठेवू नका. यू-बूटमध्ये थांबवण्यासाठी एखादा शब्दच टंकावा लागेल अशीही सोय करता येते.

डबा पूर्ण हँग झाला आणि कर्नलमध्ये अजून धुगधुगी असेल तर ब्रेक नावाचा इशारा कामाला येतो. ब्रेक म्हणजे तार ठरावीक वेळ एकाच स्थितीत दाबून धरणं. पिकोकॉममध्ये कंट्रोल-ए, कंट्रोल-बॅकस्लॅश. लिनक्सवर ब्रेक पाठवून पाच सेकंदांच्या आत एस दाबलं की लिहायचं राहिलेलं डिस्कवर उतरवलं जातं, पुन्हा ब्रेक आणि यू म्हणजे डिस्क फक्त-वाचनाच्या स्थितीत, पुन्हा ब्रेक आणि बी म्हणजे रीबूट. सिसआरक्यू ही सोय आधी चालू केलेली असेल तरच. सरळ वीज काढण्यापेक्षा हे केव्हाही बरं. सन कंपनीच्या जुन्या सर्व्हरवर मात्र ब्रेक मिळताच अख्खं यंत्र थांबून 'ओके' असा ओपनबूटचा प्रॉम्प्ट दाखवायचं, आणि टर्मिनलची नुसती वीज गेली किंवा केबल उपसली तरी त्याला ते ब्रेक वाटू शकायचं. झाडूवाल्याने प्लग काढला आणि बँकेचा सर्व्हर थांबला, अशा कथा त्या काळातल्या सिस्टिमवाल्यांकडून ऐकायला मिळतात. त्यातल्या बऱ्याच रंगवलेल्या असतील, यंत्रणा मात्र खरी होती. 'गो' टंकलं की सर्व्हर जिथे थांबला तिथून पुढे चालू व्हायचा.

निरोगी असतानाची कामं

कर्नल पॅनिक होतं तेव्हा शेवटच्या ओळी डिस्कवरच्या लॉगमध्ये सहसा सापडत नाहीत, कारण लिहिणाराच पडलेला असतो. सिरियलवर मात्र त्या बाहेर पडतात. म्हणून वारंवार पडणाऱ्या डब्याच्या पोर्टाला दुसरं यंत्र कायमचं जोडून ठेवावं आणि येईल ते लिहून घ्यावं. घरात धूळ खात पडलेला जुना रास्पबेरी पाय आणि एक यूएसबी केबल यासाठी पुरते. स्क्रीन हा प्रोग्राम कॅपिटल एल या पर्यायाने चालवला की सगळं फाइलमध्ये उतरतं. या पायला मोबाइल डेटाचा वेगळा डोंगल दिला तर मुख्य इंटरनेट बंद असतानाही घरी बसून कन्सोल मिळतो. मोठ्या सर्व्हरवर हेच काम बीएमसी ही वेगळी चिप करते आणि आयपीएमआयटूलच्या 'सोल ॲक्टिव्हेट' आज्ञेने सिरियल नेटवर्कवरून येतं. तिथे बहुधा पोर्ट टीटीवायएस-एक असतं, शून्य नव्हे, हे मात्र ध्यानात ठेवा.

एक पथ्य. कन्सोलवर रूट म्हणून लॉगिन करून केबल तशीच उपसली तर सत्र आत उघडंच राहतं. पुढच्या महिन्यात जो केबल लावेल, त्याला थेट रूट मिळेल. बॅशमध्ये 'टीएमआउट=३००' (हे नाव मात्र पूर्ण कॅपिटल अक्षरांत) लिहून ठेवलं की पाच मिनिटांनी ते आपोआप बंद होतं.

आणि कन्सोलवर फार बडबड करू देऊ नका. ८ बिट, १ स्टॉप आणि १ स्टार्ट मिळून एका अक्षराला १० बिट लागतात. ९६०० च्या वेगाने सेकंदाला ९६० अक्षरं, म्हणजे ८० अक्षरांच्या फक्त १२ ओळी. फायरवॉल प्रत्येक अडवलेल्या पॅकेटची ओळ कन्सोलवर लिहू लागला, तर त्या ओळी बाहेर पडण्याची वाट बघण्यातच यंत्राचा वेळ जातो आणि इंटरनेट मंद का झालं याचा शोध तुम्ही भलतीकडेच घेत राहता. 'डीएमईएसजी -एन ४' ने कन्सोलवरच्या संदेशांची पातळी खाली आणता येते.

राहिलं ते मुद्दाम रीबूट करणं. डब्याच्या मांडणीत काहीही बदललं, डिस्क लावली, काढली, कर्नल अपडेट केलं, की त्याच दिवशी, माणूस समोर असताना आणि केबल लावलेली असताना तो एकदा बंद करून चालू करायचा. पीसी इंजिन्सने २०२३ मध्ये या मालिकेचा शेवट जाहीर केला आहे. असा दुसरा बोर्ड सहज मिळायचा नाही, त्यामुळे मी आता हे जास्तच काटेकोरपणे करतो.

त्या दिवशी निघताना डब्याच्या झाकणावर आतून एक कागद चिकटवला. नल मोडेम केबल, ११५२०० ८एन१, फ्लो कंट्रोल बंद, ग्रबमध्ये ई. लाल चिकटपट्टीवाली केबल गुंडाळून तिथेच खिळ्याला टांगली. बाईंनी कागद वाचला, चष्मा वर सरकवला आणि विचारलं, "आणि ती फोटोवाली डिस्क आणून परत लावली, तर चालेल ना?"

"चालेल," मी म्हटलं, "पण लावाल त्या दिवशी मला फोन करा. एकदा बंद करून चालू करून बघू."